पुंजानानांच्या हातातला दोर

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी रिमोट नाही. मीनाआत्या मला "तो काळा रिमोट" म्हणतात, आणि वयानं मोठ्या म्हणून मी ऐकून घेतो. पण मी कंट्रोलर आहे, व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. रिमोट बिचारा चॅनेल बदलतो आणि आवाज कमी-जास्त करतो. मी माणसं चालवतो, पळवतो, डोंगरावर चढवतो. आज मी बोलणार आहे, कारण ज्या वादावर जो तो तावातावानं बोलतो, त्या वादात मला कुणी कधी विचारलेलंच नाही. खरं तर या बाबतीत माझ्याइतकी माहिती कुणालाच नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या पट्ट्यावरून माझे हजारो भाऊ सरकत होते. माझ्या पोटात दोन इवल्या मोटारी बसवल्या. त्या फिरल्या की मी थरथरतो. मला तोंड नाही, ही थरथर हीच माझी वाचा. वरच्या अंगाला दोन दांड्या, चार गोल बटणं आणि मागच्या बाजूला दोन चाप. हातमोजे घातलेल्या एका हातानं माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि मला खोक्यात बंद केलं.

ते खोकं उघडलं नाशिकमध्ये, पाथर्डी फाट्याजवळच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये. उघडणारा होता हर्षल, मीनाआत्यांचा मुलगा. अंबडच्या एका कारखान्यात तो मालाची तपासणी करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून दमलेला हा मुलगा घरी आला की बूट काढायच्या आधी मला उचलायचा. फुटबॉल, क्रिकेट, गोळीबार. हे तीन सोडून चौथा गेम त्याला माहीत नव्हता.

हर्षलच्या हातात मी बरीच वर्षं काढली आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या बोटांत वीज आहे. कुठलं बटण कधी दाबायचं याचा त्याला विचार करावा लागत नाही. पण जिंकला तरी तो मला घामानं भिजवायचा आणि हरला की दिवाणावर आपटायचा. तो मला दाबत असे, ठोकत असे, पिळत असे. मला हातात धरून तो कधी गप्प बसला आहे, असं मात्र झालं नाही. हे मला तेव्हा खटकलंही नव्हतं, कारण दुसरं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आपटून आपटून माझी डावी दांडी सैल झाली. कुणी हात लावला नाही तरी पडद्यावरचा माणूस आपला डावीकडे चालू लागायचा. मग हर्षलनं नवा कंट्रोलर आणला आणि माझी रवानगी टीव्हीखालच्या खणात झाली. शेजाऱ्यांत एक बंद पडलेलं घड्याळ, उदबत्तीचा पुडा आणि कशाचे आहेत हे कुणालाच माहीत नसलेले चार्जर. माणसांना एक सवय आहे. वस्तू टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशा वेळी ती खणात ठेवतात आणि स्वतःची समजूत घालतात.

त्या खणातून मला बाहेर काढलं वेदिकानं. वेदिका म्हणजे आत्यांच्या भावाची मुलगी. पिंपळगाव बसवंतहून नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकायला आली आणि आत्यांकडेच राहिली. तिच्या वडिलांची, पुंजानानांची, पिंपळगावला द्राक्षबाग आणि द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचं एक लहानसं पॅकहाउस आहे.

"हर्षलदादा, हा मेलाय का?" तिनं विचारलं.

"अर्धा. डावीकडे ओढतो."

"मग चालेल. मला कुठं पळायचंय?"

तिनं कापसानं माझ्या फटी पुसल्या आणि मला चार्जिंगला लावलं. मग तिनं जो गेम सुरू केला, त्यात बराच वेळ गोळी सुटली नाही की गोल झाला नाही. एक बाई रिकाम्या घरात फिरत होती आणि एकेक वस्तू उचलून बघत होती. वेदिकाचा अंगठा माझ्या बटणावर नुसता टेकलेला होता. मी वाट बघत होतो. तीही वाट बघत होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला कुणी धरलं आहे.

तिथून या घरात वाद सुरू झाला.

"हा काय गेम आहे?" हर्षल म्हणायचा. "दहा मिनिटं सिनेमा. मग चार पावलं चाला. परत सिनेमा. बटण दाबलं तरी तेच, नाही दाबलं तरी तेच. त्यापेक्षा सरळ पिक्चर बघ ना, पॉपकॉर्न तरी खाता येईल."

"तुझ्या गेममध्ये कळतं की मी किती भारी आहे. यात कळतं की मी कशी आहे."

"हे कुठल्या रीलमध्ये ऐकलंस?"

वेदिका त्याला उशी फेकून मारायची आणि वाद तेवढ्यापुरता मिटायचा.

हर्षलचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. मी निःपक्षपाती आहे. गोष्टीच्या नावाखाली नुसतं लांबण लावणारे गेमही माझ्या हातून गेले आहेत. पात्रं बोलतात, बोलतात आणि बोलतात, आणि मग 'हे बटण दाबा' असं सांगतात, तेही उगाच, पोट भरलेल्या पाहुण्याला 'घ्या ना अजून' म्हणावं तसं. असल्या गेममध्ये माझी किंमत दाराच्या घंटीइतकीच. पण ज्या गेममध्ये सांगणाऱ्याला खरोखर माहीत असतं की बटण कुठं आणि का द्यायचं, तिथं मी जे करतो ते सिनेमाला सात जन्मांत जमणार नाही. कसं, ते पुढं येईलच.

मीनाआत्यांचं मत तिसरंच होतं. त्या लसूण सोलता सोलता बघायला बसायच्या. आधी म्हणाल्या, "मालिकेपेक्षा बरं आहे, निदान जाहिराती नाहीत." पुढं पुढं त्यांनी फतवाच काढला, "माझ्याशिवाय पुढं जायचं नाही." एकदा त्या भाजी आणायला गेलेल्या असताना वेदिका थोडं पुढं खेळली, तर आत्या तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. शेवटी त्या सगळ्या प्रसंगाची तोंडी कथा ऐकली, तेव्हा कुठं जेवायला वाढलं.

वेदिकाची पदवी झाली. तिनं कुणाला न सांगता पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. ती कंपनी गोष्टींचे गेम बनवते आणि तिला गोष्ट लिहिणारी माणसं हवी होती. त्यांनी तिच्याकडून एक प्रसंग लिहून घेतला, आवडला म्हणाले आणि तिला बोलावलं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. वेदिकानं पिंपळगावला फोन केला. त्या फोनवर तिचा आवाज आधी उंच होता, मग खाली आला, मग बंद झाला.

रविवारी पुंजानाना स्वतः आले. छाटणी सुरू व्हायच्या आधीचे मोकळे दिवस होते. ओळखीनं त्यांनी नाशिकच्याच एका पतसंस्थेत तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. नकार फोनवर देऊन झालाच होता, आता समोर बसून नीट द्यावा म्हणून आले होते. वेदिका त्यांना घाबरत नाही, पण त्यांचं मन मोडायलाही तिला जमत नाही. अशा माणसाची पंचाईत जास्त असते.

"गेम म्हंजे पत्ते, बाई," नाना म्हणाले. त्यांनी बशीत चहा ओतला. "मोबाइलवरची रमी बघितलीय म्या. आपल्या पॅकहाउसवरचा चांगला कामाचा गडी त्या नादानं वाया गेला. आन् तू त्यांच्यात जाऊन बसती?"

"नाना, ते वेगळं आहे. हे वेगळं."

"दारूबी येगळी येगळी आसती."

हर्षल फिस्सकन हसला. वेदिकानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हसू गिळलं.

"मामा, माझं ऐकाल तर हिचे गेम रमीसारखे नाहीत," तो सावरून म्हणाला. "हिच्या गेममध्ये काही जिंकायचंच नसतं. मुळात ते गेमच नाहीत. सिनेमेच आहेत."

"मंग हिनं सिनेमा काढावा," नाना म्हणाले.

"बघ, हर्षलदादा! झाली तुझी मदत!" वेदिका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तेव्हा मीनाआत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. "भाऊ, गावात भांडण झालं की तुला मध्ये बसवतात ना? मग तिथं एकाचंच ऐकून उठतोस का तू? ते खेळून बघ एकदा. मग नाही म्हण, मी एक अक्षर बोलणार नाही."

हा घाव वर्मी बसला. नानांना न्यायाच्या बाबतीत कुणी बोललेलं चालत नाही. त्यांनी बशी खाली ठेवली, पॅंटलाच हात पुसले आणि हात पुढं केला. "आण इकडं ते."

वेदिकानं मला त्यांच्या हातात दिलं.

काय सांगू त्या हाताबद्दल! छाटणीच्या कात्रीनं अंगठ्याच्या बुडाला घट्टा पडलेला, तळवा रुंद, बोटं जाड. मी त्यात पार बुडून गेलो. वेदिकानं गेम लावला तो मला माहीत होता. थंड डोंगराळ मुलुखातला एक म्हातारा आपल्या नातवाला घेऊन पायी निघाला आहे. मुलाचे आईबाप तळ्यापलीकडच्या वस्तीत आहेत, तिथं त्याला पोचवायचं आहे. बस्स, एवढीच गोष्ट. माझा मागचा उजवा चाप दाबला की म्हातारा नातवाचा हात धरतो. चाप सुटला की हात सुटतो आणि पोरगा जागच्या जागी उभा राहून मागं वळून बघतो.

नानांनी सुरुवातीला चाप कात्रीसारखा चालवला. दाब, सोड, दाब, सोड. पोरगा सारखा मागं राहायचा.

"नाना, धरून ठेवायचं."

"आरं हां. हात हाय तो." मग त्यांनी चाप असा धरला की मला वाटलं मोडतो आता. त्यात माझी डावी दांडी नेहमीप्रमाणे ओढ घेऊ लागली आणि पडद्यावरचा म्हातारा कड्याकडे निघाला. माझ्या या खोडीची मला लाज वाटते, पण नानांना ती खोडी वाटलीच नाही. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचाच स्वभाव आहे.

"लय आडमुठा हाय ह्यो. डावीकडंच जातो. ए बाबा, तिकडं नाय, हिकडं ये!" असं म्हणत ते त्याला नव्या बैलासारखं सरळ वाटेवर आणत राहिले. थोड्या वेळानं तर ते त्याच्याशी बोलायलाच लागले. आत्यांनी कणीक अर्धी मळून ठेवली आणि येऊन बसल्या.

मग एक ओढा आला. तिथं म्हातारा नातवाला गोष्ट सांगू लागतो. गेम इंग्रजीत, म्हणून वेदिका शेजारी बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होती. म्हातारा एक वाक्य बोलतो आणि थांबतो. बटण दाबलं की पुढचं वाक्य.

"त्या डोंगरात म्हणे एक अस्वल होतं," वेदिकानं सांगितलं.

"हं," नाना म्हणाले.

पडद्यावर म्हातारा गप्प. ओढ्याचं पाणी वाहतंय. पोरगा त्याच्या तोंडाकडे बघतोय.

"हं," नाना जरा मोठ्यानं म्हणाले.

काहीच नाही.

"हं! आरं, म्हणलं ना हं! सांग की फुडं. बहिरा हाय का काय हा?"

हर्षल दिवाणावर लोळायला लागला. वेदिका मात्र हसली नाही. ती नानांकडे बघत राहिली आणि मग हळूच त्यांचा अंगठा उचलून तिनं माझ्या बटणावर ठेवला. "नाना, हुंकार इथं द्यायचा. अंगठ्यानं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणत राहायचं असतं. तो हुंकार. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, त्याला कळतं की समोरचा झोपला किंवा त्याचं मन उडालं. वेदिका लहान असताना नाना पिकअपमध्ये द्राक्षांचे क्रेट भरून बाजाराला निघायचे आणि ती शेजारी बसायची. रस्ताभर ते गोष्ट सांगायचे आणि ती हुंकार द्यायची. हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं.

नानांनी बटण दाबलं. म्हातारा पुढं बोलू लागला. नानांनी परत दाबलं. मग ते माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघायला लागले. उलटंपालटं करून बघितलं.

"म्हंजे म्या हं म्हणल्याबिगर ह्यो फुडं सांगतच नाय?"

"नाही."

"सिनेमा तर सांगत सुटतो. आपण झोपलो तरी चालूच."

"तेच तर मी इतके दिवस बोंबलून सांगतेय," वेदिका म्हणाली.

हर्षल उठून बसला. खेळाडूला आपली बाजू पडताना दिसली की तो असाच उठून बसतो. "मामा, हुंकार दिला तरी गोष्ट तीच राहते ना? तुम्ही हं म्हणून अस्वलाचा वाघ होतो का? माझ्या मॅचमध्ये मी चांगला खेळलो तर निकाल बदलतो. इथं काय बदलतं?"

"गोष्ट कशाला बदलाया पाहिजे?" नाना म्हणाले. "ऐकणारा बदलतो की."

मी त्या क्षणी आनंदानं थरथरलो असतो, पण गेमनं सांगितल्याशिवाय मला थरथरता येत नाही. माझ्या जन्माची हीच एक अडचण आहे.

चहा परत झाला. ऊन खिडकीतून हटलं. नाना उठायचं नाव घेईनात. वाटेत पोरगा थकला तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतला. म्हाताऱ्यानं शेवटची भाकर नातवाला दिली तेव्हा नाना म्हणाले, "बराबर केलं." उत्तराचं कुणी काही बोलत नव्हतं, पण सोमवार त्या हॉलमध्ये येऊन बसलेला होता. वेदिका वाक्यं सांगताना मध्येच अडखळायची.

आणि तळं आलं.

तळ्याकाठी एक नाव बांधलेली. इतकी लहान, की एकच जण मावेल, तोही पोरसवदाच. पलीकडे वस्तीचे दिवे. थंडी वाढलेली, शिदोरी संपलेली. म्हातारा पोराला नावेत बसवतो, खुंटीचा दोर सोडून स्वतःच्या हातात घेतो आणि उभा राहतो. पाणी नावेला पलीकडे ओढू लागतं. इथं पडद्यावर काहीही लिहून येत नाही. कुठलं बटण दाबा, कुठलं सोडा, काही नाही. दोर माझ्या उजव्या चापात असतो.

माझ्या मोटारी फिरू लागल्या. दोराला ओढ बसत होती ती मी नानांच्या तळव्यात पोचवत होतो.

"हे धडधडतंय," नाना म्हणाले.

"पाणी ओढतंय, नाना."

"मंग? आता काय दाबायचं?"

हर्षल बोलला. "काही दाबायचं नाही, मामा. सोडायचं."

नानांनी चाप आणखी घट्ट धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी माझी होती नव्हती ती सगळी बटणं दाबून पाहिली. म्हाताऱ्याला मागं फिरवायचा प्रयत्न केला, तो फिरेना. नाव काठाला आणायचा प्रयत्न केला, ती येईना.

"दुसरा रस्ता आसंल. तळ्याच्या कडंनं आसंल."

"नाही आहे, मामा. शेवट एकच आहे." हर्षलचा आवाज चढला. इतक्या दिवसांचा वाद त्याला जिंकलेला दिसत होता. "हाच माझा मुद्दा आहे! तुम्ही दोन तास धरून बसलात तरी तो पोरगा जाणारच आहे. तुमच्या हातात काहीच नाही. मग याला गेम का म्हणायचं?"

नाना खरंच चिडले. "आसं आसंल तर मला कशाला इचारतो ह्यो? ठरलेलंच हाय तर मला का मधी घातलं? ही फसवणूक हाय!"

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाटलं की हर्षल बरोबर आहे.

"नाना," वेदिका म्हणाली. ती जमिनीवर त्यांच्या पायाशी बसलेली होती. "सिनेमात त्या म्हाताऱ्यानं दोर सोडला असता आणि तुम्ही बघितलं असतं. वाईट वाटलं असतं आणि तुम्ही घरी गेला असता. इथं तो सोडत नाहीये. तुम्ही सोडल्याशिवाय तो सोडूच शकत नाही. पोरगा जाणार, हे ठरलंय. कुणी सोडायचं, ते ठरलेलं नाही."

नानांनी मला आणखी जवळ ओढलं.

"माझंही तसंच आहे," ती म्हणाली. आता ती गेमबद्दल बोलत नव्हती आणि ते सगळ्यांना कळलं. "मला पुण्याला जायला तुमची सही लागत नाही. मी उद्या होकार कळवू शकते. पण तुमच्या हातातून दोर ओढून घेऊन मला जायचं नाही. तसं गेले तर मी तिथं बसून काय लिहिणार?"

आत्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात माझा लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी संपत आली होती. इतका वेळ मला कुणी कधी खेळवलंच नव्हतं. मी बंद पडलो तर काय होणार हे मला पक्कं माहीत होतं. गेम जागीच थांबणार. दोर सुटणारही नाही आणि राहणारही नाही. नाना म्हणणार, 'बंद पडलं का? जाऊ दे, बघू परत कधी,' आणि चपला घालून पिंपळगावची गाडी धरणार. त्यांच्यासारख्या सरळ माणसालाही तेवढी पळवाट पुरली असती. सोमवार तसाच येणार आणि वेदिका पतसंस्थेत जाणार. मी ठरवलं, काही झालं तरी बंद पडायचं नाही. वस्तूनं ठरवून काय होतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी ठरवलं होतं.

"चार्जिंग संपतंय. वायर आणतो," हर्षल उठला.

"बस खाली," नाना म्हणाले. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "ए वेदे, त्यो पोरगा तिकडं पोचतो का?"

"ते गेम दाखवत नाही, नाना."

"तुला माहीत आसंल. तू सगळा खेळलीय."

"नाही माहीत. कुणालाच माहीत नाही. म्हातारा काठावर उभा असतो आणि नाव धुक्यात जाते. तिथं संपतं."

नानांचं बोट माझ्या चापावर होतं. इतरांना फक्त त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काहीच नव्हतं. मला बोट कळत होतं. ते इतकं दाबलेलं होतं की नखाखाली रक्त थांबलं असेल. मग ते थोडं सैल झालं. परत आवळलं. परत सैल झालं. मी जीव मुठीत धरून थरथरत होतो. आणि मग त्यांनी ते हळूहळू उचलायला सुरुवात केली, एकदम नाही, पोराला झटका बसू नये अशा बेतानं. माझी स्प्रिंग वर येत गेली आणि पूर्ण वर आली.

पडद्यावर दोर म्हाताऱ्याच्या हातातून सुटून पाण्यावर पडला. नाव निघाली. पोरगा मागं वळून बघत होता. माझ्या मोटारी थांबल्या.

नानांनी मला मांडीवर ठेवलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"पुण्यात ऱ्हायचं कुडं म्हणती तू? का तेबी त्या कंपनीलाच इचारायचं?"

वेदिकानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि ती रडली. नानांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तोच हात, अजून जरा आखडलेला. मग मी बंद पडलो, आणि पुढचं काय झालं ते मला माहीत नाही. आत्या सांगतात की त्या दिवशी पोळ्या करपल्या आणि कुणी तक्रार केली नाही.

आता मी पुण्यात आहे, वेदिकाच्या टेबलावर. माझं रबर झिजलं आहे, बटणांवरच्या खुणा पुसल्या आहेत आणि डावी खोड गेलेली नाही. ऑफिसमध्ये नवेकोरे कंट्रोलर आहेत, पण आपण लिहिलेला प्रसंग ती आधी माझ्यावर खेळून बघते. एखाद्या ठिकाणी बटण उगाच दिलं असेल तर तिला माझ्यावर बोट ठेवताच कळतं, आणि ती ते काढून टाकते. हर्षल अजूनही फोनवर तिच्याशी भांडतो की गोष्टीचे गेम हे गेम नाहीत. भांडू दे. तो एका शब्दानं कबूल करत नाही, पण परवा असलाच एक गेम त्यानं रजा टाकून खेळून काढला, अशी आत्यांकडून पक्की खबर आहे.

तुम्हालाही या वादात पडायचं असेल तर जरूर पडा. कोण सरस, कोण टुकार, खुशाल ठरवा. माझं एवढंच मागणं आहे की लांबून बघून ठरवू नका. माझ्यासारख्या एखाद्याला हातात घ्या, थोडा वेळ धरा, आणि मग बोला. तुमचा नकार असला तरी तो मी आनंदानं ऐकेन. आणि घरात कुणाच्या खणात माझा एखादा भाऊ घड्याळाशेजारी पडला असेल तर त्याला बाहेर काढा, एवढी विनंती करून मी रजा घेतो.

जाता जाता त्या दिवसाचं सांगतो, ज्या दिवशी ती पुण्याला आली. ती पिंपळगावहूनच निघाली, तेव्हा नाना तिथल्या थांब्यावर बसपर्यंत आले होते. मी तिच्या सॅकमध्ये कपड्यांच्या घडीत होतो. पुण्यात खोलीवर पोचल्यावर तिनं कुलूप उघडलं, सॅक खाली ठेवली, आणि पंखाही लावायच्या आधी फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. कुणी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"नाना," ती म्हणाली, "पोचले."